एका साडीला बारा अंगठे

"मजुरी एक लाख सव्वीस हजार. कुणाला दिली?" गुमास्ते वकिलांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"बायकांना."

"कुठल्या बायकांना?"

"आमच्या. भाकरी करतात त्या."

"त्यांच्या सह्या?"

"कसल्या सह्या?"

वकिलांनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्चीत मागे रेलले. डॉक्टर असे मागे रेलले की समजावं, काहीतरी निघालंय. समोर टेबलावर आयकर कार्यालयाची नोटीस पडली होती आणि तिच्यावर माझं नाव इंग्रजीत, एकही अक्षर न चुकवता छापलेलं होतं. इतक्या सरकारी इतमामानं माझं नाव कुणी कधी लिहिलं नव्हतं.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माझ्या कडक भाकरीच्या धंद्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. ज्वारीची पातळ भाकरी निखाऱ्यावर मंद शेकून पापडासारखी कडक करायची, की ती दोन महिने टिकते. आमच्याकडे सोलापूर भागात ती घरोघरी व्हायची, विकायची वस्तू आहे असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. पुण्याच्या एका दुकानदाराला ती आवडली, त्यानं आधी शंभर मागवल्या, मग रोज सहाशे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चुली घातल्या, सात बायका कामाला लावल्या. दुकानदार तीन रुपयांना एक भाकरी घ्यायचा आणि पैशांचा ड्राफ्ट पाठवायचा. मी तो घरखर्चाच्या बचत खात्यात भरायची. वर्षाला पाच लाख चाळीस हजार असे खात्यात आले आणि त्यांनीच मला गोत्यात आणलं.

"पण एवढे मला मिळाले नाहीत हो," मी वकिलांना म्हटलं. "ज्वारी, जळण, प्लास्टिकच्या पिशव्या, टेम्पोभाडं, या बायका. सगळं जाऊन अठ्ठ्याऐंशी हजार राहिले."

"बरोबर. कर आवकीवर नसतो, नफ्यावर असतो. आवक वजा खर्च म्हणजे नफा. पिशव्यांची बिलं आहेत, टेम्पोच्या पावत्या आहेत, ज्वारीचं बाजार समितीचं कसंबसं जमवलंय. मजुरीचं काय आहे?"

"दिली की दर शनिवारी. रोख."

"सुमंगलताई, तुम्ही केला तो खर्च नव्हे. कागदावर आहे तो खर्च." त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि रद्दीच्या कागदावर आकडे मांडले. मजुरी मान्य झाली नाही, तर ते एक लाख सव्वीस हजारही माझाच नफा ठरणार. त्यावर कर, त्यावर व्याज, वर दंड. शेवटी त्यांनी खाली एक रेघ ओढून लिहिलं, सुमारे ऐंशी हजार. खात्यात माझे बावीस हजार होते. आमचे हे एसटीत कंडक्टर, त्यांच्या पगारावर सोसायटीचं कर्ज आधीच होतं. ऐंशी हजार भरायचे म्हणजे शेड मोडायची, सासऱ्यांनी घेऊन ठेवलेला प्लॉट विकायचा आणि धंदा बंद. सात बायकांच्या चुली बंद, त्या वेगळ्याच.

"सोमवारी अकराला सुनावणी आहे. आज गुरुवार," वकील म्हणाले. "वर्षाचं मजुरीपत्रक करा. महिन्याला एक कागद, बारा कागद. प्रत्येकावर सातजणींची नावं, पत्ता, रक्कम आणि सही नाहीतर अंगठा. आणि नाहीच जमलं, तर..." त्यांनी आवाज खाली आणला, "नावं काय वाट्टेल ती घाला. अंगठे कुणाचे का असेनात. कोण बघतंय?"

मी नको म्हटलं. सचोटीची होते म्हणून नाही, भित्री होते म्हणून. साहेबांनी एखादीला समोर आणा म्हटलं तर मी कुठून आणणार होते?

परत येताना बसमध्ये मला एकच चिंता होती, ती काशव्वाची.

काशव्वा हत्तुरे. वय पंचावन्नच्या पुढं, विधवा, दोन्ही मुली कर्नाटकात दिलेल्या. धंदा नावाला माझा, पण हात तिचा. सुरुवातीला माझ्या भाकरीला तडे जायचे. तीच शेजारून उठून आली, पिठात आधण किती घालायचं ते दाखवलं आणि मग राहिलीच. बाकीच्या सहाजणी तिनंच आणल्या. शेडमध्ये तिचा शब्द चालायचा. मोजणीची पद्धतही तिचीच. वीस भाकरींची चवड झाली की जिनं तिनं आपापल्या चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायची. शनिवारी मी रेघा मोजून पैसे द्यायची, भाकरीमागे सत्तर पैसे. पैसे हातात पडले की काशव्वा शेणाचा बोळा घेऊन भिंत सारवून टाकायची. दिलेल्या पैशाची रेघ मागे राहिली तर ती पुन्हा पैसे मागते, असं तिचं म्हणणं. मलाही ते छान वाटायचं. शनिवारी संध्याकाळी भिंत कोरी, मी मोकळी. वर्षभराचा माझा पुरावा मी स्वतः दर आठवड्याला सारवू दिला होता.

शुक्रवारी सकाळी वही घेऊन शेडमध्ये गेले. चुली पेटलेल्या, भाकरी थापल्याचा आवाज चाललेला.

"जरा थांबा सगळ्याजणी. एक काम आहे. तुमची नावं लिहून घ्यायचीत."

थापायचं थांबलं. सहाजणींनी काशव्वाकडं पाहिलं. काशव्वानं माझ्या हातातल्या वहीकडं.

"कशाला ओ अक्का?" माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई मला अक्का म्हणायची.

"सरकारला दाखवायचंय, तुम्हाला मजुरी दिली म्हणून."

"नाव लिव्हायचं न्हाई," ती म्हणाली. "तुमाला पयल्याच दिवशी सांगितलंय मी. ह्यातल्या तिघी आमी सरकारच्या निराधारच्या पगारवाल्या. कमावतो म्हनून कागदावर आलं की तो पगार गेला."

"तो पगार शंभर रुपये, काशव्वा. इथं महिन्याला दीड हजार मिळवता तुम्ही."

"इथलं आज हाय, उद्या न्हाई. तुमी भट्टी बंद केली तर मी कुणाकडं जाऊ?" तिनं हात परातीत घातला. "आन् त्यो पगार घेऊन पोस्टमन दारात येतोय, माझं पुरं नाव घेतोय. काशव्वा सिद्राम हत्तुरे, म्हनतो. गल्ली ऐकती. मालक गेल्यापासून माझं पुरं नाव दुसरं कोन घेतंय?"

मग तिनं थापायला सुरुवात केली आणि तिच्यामागून सगळ्यांनी. मी वही घेऊन उभीच. नोटिशीबद्दल सगळं सांगावं, ऐंशी हजारांचं सांगावं, असं ओठापर्यंत आलं होतं. पण धंदा बुडतोय हे कळलं तर उद्यापासून चारजणी दुसरं काम बघतील, ही भीती मोठी ठरली. मी आत आले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

त्या दिवशी दुपारी मी जे केलं, ते करताना मला फार हुशारी वाटली होती, हेही सांगून टाकते. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. पेठेत जाऊन एकशे पासष्टच्या सात साड्या घेतल्या. दुकानदारानं सवयीनं चिठ्ठीवर आकडा खरडला, तर मी म्हटलं, "पक्कं बिल द्या." खर्च म्हणजे कागद, एवढं शिक्षण एका दिवसात झालं होतं. घरी येऊन बारा कागद आखले. नावं, पत्ते, रकमा भरल्या. रकमा खऱ्या होत्या, रुपयाची लबाडी नव्हती. कागदांचा लिहिलेला भाग वर्तमानपत्रानं झाकून टाचण्या लावल्या, फक्त अंगठ्याचा रकाना उघडा ठेवला.

शनिवारी पैसे वाटून झाल्यावर साड्या काढल्या.

"पुण्याच्या शेठनी दिवाळीला पाठवल्यात," मी म्हटलं. "पण त्यांच्या हिशेबाला पोच लागते. सही येत असेल तिनं सही, नाहीतर अंगठा."

साड्या बघून शेडमध्ये एकच गलका झाला. दोघींना सही गिरवता येत होती, वाचता एकीलाही येत नव्हतं. एकेक जण पुढं आली. निळ्या शाईचं पॅड मी धरलं होतं, कागद मीच सरकवत होते. "एवढे कागद?" असं एकीनं विचारलं, तेव्हा मी "मोठी दुकानं आहेत, त्यांचं सगळं बारा ठिकाणी असतं" असं काहीतरी ठोकून दिलं. ती हसली. हिरवी साडी पाहिजे म्हणाली, मी हिरवी दिली.

काशव्वा शेवटी आली. राहिलेल्या साडीकडं तिनं पाहिलं नाही. अंगठा शाईत टेकला, कागदावर उमटवला. दुसरा, तिसरा. सहा झाल्यावर ती थांबली. माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी कागदाकडं पाहत राहिले.

"अजून किती?"

"सहा."

तिनं राहिलेले सहा अंगठे दिले, शाई डोक्याच्या केसांना पुसली आणि उरलेली साडी घडीसकट उचलून काखेत मारली. मग नेहमीसारखा शेणाचा बोळा घेऊन भिंत सारवायला लागली.

सोमवारी साडेदहालाच मी आयकर कार्यालयाच्या बाकावर बसले होते. गुमास्ते वकील शांतपणे पान चघळत होते. साड्यांचं बिल त्यांनी कौतुकानं पाहिलं. "हे चालू वर्षात घेऊ. कामगार कल्याण," म्हणाले. मला हसू आलं नाही.

आत अधिकारी बाई होत्या, माझ्याच वयाच्या. पिशव्यांची बिलं बघितली, टेम्पोच्या पावत्या बघितल्या आणि मग मजुरीपत्रक हातात घेतलं. एकेक पान उलटताना त्यांचा वेग कमी होत गेला.

"एप्रिलपासून मार्चपर्यंत शाई एकच?"

वकील पुढं झाले, "मॅडम, त्याचं असं आहे..."

"त्यांना बोलू द्या. बाई, हे कागद कधी केलेत?"

खोटं बोलावं तर जीभ उचलेना. "परवा," मी म्हटलं. वकिलांनी डोळे मिटून घेतले.

"आणि मजुरी?"

"ती त्या त्या शनिवारी दिली. देवाशपथ. भिंतीवर रेघा असतात, पैसे दिले की पुसतात." मी सगळं सांगितलं, कोळसा, शेण, वीसवीसच्या चवडी. सांगताना मला रडू येईल अशी भीती वाटत होती. त्यांनी मध्येच विचारलं, "एक बाई दिवसाला किती करते?" मी म्हटलं, "पंच्याऐंशी, नव्वद." त्यांनी कॅल्क्युलेटरवर आकडे केले. सहाशे भाकरी, तीनशे दिवस, सत्तर पैसे. उत्तर माझ्या आकड्याशी जुळलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"भाकरी झाल्यात म्हणजे कुणीतरी केल्यात. खर्च खरा दिसतोय. पण मागाहून केलेल्या कागदावर पूर्ण मान्य करता येणार नाही. वीस टक्के नामंजूर."

म्हणजे पंचवीस हजार दोनशे माझ्या नफ्यात वाढले. कर आणि व्याज मिळून सहा हजारांच्या आत. ऐंशीचे सहा झाले! मी खुर्चीवरून उठले आणि कागदांसाठी हात पुढं केला.

"हे फाईलला राहतील," बाई म्हणाल्या.

जिना उतरताना वकील खुशीत होते. माझ्या डोक्यात मात्र ती फाईल होती. काशव्वा सिद्राम हत्तुरे, पत्त्यासकट, वर्षाला अठरा हजार, शेजारी तिचा अंगठा. बारा वेळा.

दिवाळीला सहाजणी नव्या साड्या नेसून फराळाला आल्या. काशव्वा जुन्या लुगड्यात आली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. काम चालू राहिलं, भाकरी पुण्याला जात राहिल्या. धंदा वाचला म्हणून मला सुखाची झोप लागायला हवी होती. पण महिन्याच्या सुरुवातीला पोस्टमनची सायकल गल्लीत वाजली की मी हातातलं टाकून खिडकीशी जायची. तो काशव्वाच्या दारात थांबला, नाव पुकारलं, की माझा जीव भांड्यात पडायचा. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. जानेवारीत तो थांबला नाही. फेब्रुवारीतही नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दुपारची भट्टी उतरल्यावर, काशव्वा एक पाकीट घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली.

"वाचा की अक्का. पोस्टमननं दिलंय."

पाकिटावर तहसीलचा शिक्का होता. चार ओळी होत्या. आपणास मिळणारे अर्थसाहाय्य चौकशीअंती अपात्र ठरल्याने बंद करण्यात येत आहे. कसली चौकशी, कुणी केली, काही नाही. ओठावर आलं होतं की म्हणावं, सगळ्यांचंच बंद झालंय, वरून आदेश आलाय. तिला काय कळणार होतं?

मी वाचून दाखवलं, जसं होतं तसं. मग पाटावर बसले आणि म्हटलं, "काशव्वा, ते साड्यांचे कागद पुण्याचे नव्हते."

मी नोटीस सांगितली, ऐंशी हजार सांगितले, मजुरीपत्रक सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एका साडीला बारा अंगठे लागत्यात व्हय?" ती म्हणाली. "मला वाचता येत न्हाई अक्का. मोजता येतंय की."

"म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी..."

"सहा झाल्यावर थांबले न्हवं मी? म्हटलं, आता सांगत्याल. तुमी खाली बघितलं."

"मग दिलेत कशाला राहिलेले?"

"तुमचं तोंड बघून. कायतरी मोठं आलंय, तवा दिसलंच."

"मी खरं सांगितलं असतं तर दिले असते?"

ती पदरानं कपाळ पुसत राहिली. "काय म्हायती," म्हणाली. "तुमी इचारलं कुठं?"

दुसऱ्या दिवशी मी वकिलांकडं धावले. ते म्हणाले, त्या खात्याचा या खात्याशी काही संबंध नाही, तिकडं नव्यानं पाहणी झालीय, कितीतरी नावं उडालीत. असेलही. आमच्याच शेडमधल्या दुसऱ्या दोघींचा पगार चालू होता, त्यांचेही अंगठे त्याच कागदांवर होते. हे मी काशव्वाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नसंल संबंध. पन अंगठा माझा व्हता."

दर महिन्याला शंभर रुपये मी माझ्याकडून देते, असंही म्हणून पाहिलं.

"ते कुठल्या खर्चात घालनार?" तिनं विचारलं. चेष्टा होती की काय, मला कळलं नाही. "द्यायचंच असंल तर भाकरीमागं पंधरा पैसं वाढवा. सगळ्यांना."

मी पंधरा पैसे वाढवले. त्या शनिवारी रेघा मोजून झाल्या, मी पैसे काढले, तर काशव्वानं हात पुढं केला नाही. "वही आना," म्हणाली. "आता कशाला लपवायचं? लिव्हा. आन् अंगठ्याच्या वर काय लिव्हलंय ते मोठ्यानं वाचा."

मी लिहिलं, वाचलं. तारीख, नाव, भाकरी किती, दर काय, रुपये किती. ती कान देऊन ऐकत होती. मग अंगठा दिला आणि पैसे घेतले. तिच्यामागून बाकीच्या सहाजणी आल्या. पगार चालू असलेल्या दोघी घटकाभर घुटमळल्या, पण त्यांनीही दिला. पुढं माझ्या धंद्याला कसलीही नोटीस आली नाही. वर्षाच्या शेवटी वकील त्या वह्या चाळायचे आणि म्हणायचे, असा चोख खर्च पेठेतल्या व्यापाऱ्यांकडंही नसतो.

नऊ वर्षं काशव्वा आमच्याकडं होती. मधल्या काळात बायका सातच्या वीस झाल्या, आणि वीसजणींचं वाचायचं म्हणजे शनिवारची संध्याकाळ त्यातच जायची. एकदा मला फार घाई होती. बाहेर पुण्याचा टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. काशव्वाची पाळी आली तेव्हा मी नुसता आकडा सांगितला आणि वही तिच्यापुढं सरकवली. तिनं शाईचा अंगठा तसाच वर धरून ठेवला.

"सगळं वाचा," ती म्हणाली.

मी वही परत ओढली आणि तारखेपासून वाचायला सुरुवात केली.